मांजराला लेंडी होत नाही

माझं बोलणं अर्ध्याला घ्यायचं, असा आमच्या कारखान्यात रिवाज आहे. मी म्हणालो की काल टॉवेलांचे चार गठ्ठे एकट्यानं उचलले, तर ऐकणारा म्हणतो दोन, मी म्हणतो बरं दोन, आणि खरा असतो एक. लोकांची ही सवय मुळात आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. लहानपणी मी रानातून पळत यायचो आणि बैलाएवढा लांडगा बघितला म्हणून सांगायचो. आबा काठीवर हनुवटी टेकून म्हणायचे, "अर्धा कर." मी म्हणायचो, बरं, वासराएवढा. "आजून अर्धा कर." असं करत करत तो लांडगा कोल्ह्यावर यायचा, कोल्हा मुंगसावर यायचा, आणि मुंगूस मात्र मी खरंच बघितलेलं असायचं.

तेव्हा पुढं जे सांगतो आहे ते वाचणाऱ्यानं आपल्या हिशेबानं अर्धं करून घ्यावं, माझी हरकत नाही. फक्त पिल्लाचं तेवढं अर्धं करू नये. ते आधीच इतकं लहान होतं, की अर्धं करायला त्यात जागाच नव्हती.

आम्ही मेंढरांमागची माणसं, माळशिरस तालुक्यातली. पुढं सगळीकडं ऊस झाला आणि मेंढराला तोंड घालायला बांध राहिला नाही. आबांचे गुडघेही गेले. मग एके दिवशी मेंढरं टेंपोत चढली आणि आबा एसटीत चढले. सोलापुरात शुक्रवार पेठेत माझ्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आहेत, तिथं ते आले. बरोबर सामान म्हणजे एक घोंगडी, एक काठी आणि वाळलेल्या डाळिंबाच्या सालींनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मेंढरं गेली, पण डबा त्यांनी टाकला नाही.

त्या डब्याचं सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. कोकराला हगवण लागली, की आबा त्याचं दूध तोडायचे आणि साल सहाणेवर उगाळून बोटानं चाटवायचे. दुसऱ्या दिवशी कोकरू लेंडी टाकायचं. काळी, गोल, चकचकीत लेंडी. आबांच्या लेखी जगातलं सगळं आरोग्य त्या लेंडीत होतं. सकाळी मेंढरं उठली की ते खाली वाकून एक लेंडी उचलायचे, बोटात दाबायचे आणि कुठल्या मेंढीनं काल काय खाल्लं ते सांगायचे. मी तर म्हणतो, ती मेंढी कुणाशी भांडली आणि ज्याच्या बांधावर चरली त्याच्या घरात काय शिजलं होतं, हेही सांगायचे. करा अर्धं. तरी पुष्कळ उरतं.

शहरात आल्यावर आबांचं बोलणंच आटलं. दिवसभर गॅलरीत बसायचे आणि खालून जाणारी माणसं बघायचे. काय बघताय, असं विचारलं तर पहिल्या पहिल्यांदा म्हणायचे, "कळप बघतोय." पुढं तेही म्हणेनात. भाकरी अर्धी, मग चतकोर. माझी बायको ताट उचलताना ताटाकडं बघायची आणि मग माझ्याकडं बघायची, जणू ती भाकरी मीच उरवली. दिवसाकाठी आबांच्या तोंडून दोनच शब्द यायचे, तेही मी थाप मारली तर: "अर्धा कर." म्हणून मग मी थापा वाढवल्या. रोज कारखान्यातून येताना एक नवी जुळवत यायचो. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत अजगर निघाला, मालकाच्या गाडीत माकड बसून गेलं, एका मागावर आपोआप हत्ती विणला गेला. संसाराला लागलेला बाप्या मी, पण बापानं दोन शब्द बोलावेत म्हणून सोलापूर शहरात एवढा खोटारडेपणा दुसऱ्या कुणी केला नसेल.

अशातच ते पिल्लू आलं.

आमच्या कारखान्यात टॉवेल होतात. यंत्रमागांच्या मागं तुटक्या सुताची पोती पडलेली असतात, त्यातल्या एका पोत्यात मांजर व्यालं होतं. मागांचा आवाज असा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही; मांजराच्या लेकरांना तो अंगाईसारखा असावा, कारण ती गाढ झोपायची. एके दिवशी मांजरीनं एकेक करून पिल्लं मानेला धरून नेली, आणि एक ठेवलं. विसरली म्हणा, नको होतं म्हणा. पाळी बदलली तरी ती आली नाही. शेवटी मी काठ चुकलेला एक टॉवेल घेतला, त्यात ते गुंडाळलं आणि शर्टाच्या आत घालून गाडीवरून घरी आणलं. डोळे नुकतेच किलकिले झाले होते. उंदराला दाखवलं असतं तर उंदरानं कडेवर घेतलं असतं.

आबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी तोंड उघडून बघितलं, शेपूट उचलून बघितलं.

"भाटी हाय," ते म्हणाले, म्हणजे मादी. आणि थोड्या वेळानं, "लई गार पडलीया."

मग आबांना वाचा फुटली ती फुटलीच. बायको दूध तापवायला निघाली तर तिला थांबवलं. आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या लेकराला दूध पाजलं तर ते पोटात नासतं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायला लावली. दोन बोळ पलीकडं एकाकडं शेळ्या आहेत, तिथून मला दुधाला पिटाळलं. कापसाची वात दुधात भिजवून तिच्या तोंडात धरली. उताणी धरू नका, मेंढीखाली कोकरू उताणं पडून पितं का, असं बायकोला सुनावलं. पोटभर झाल्यावर टॉवेलचा कोपरा कोमट पाण्यात भिजवून शेपटीखाली हळूहळू फिरवला. आई चाटते तेव्हाच एवढंसं पोर हागतं-मुततं, आपणहून नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. आमच्या टॉवेलला पुष्कळ गिऱ्हाइकं आहेत, पण मांजरीची जीभ म्हणून तो पहिल्यांदाच वापरला गेला.

त्या दिवशी आबा वर्षभराचं बोलले आणि अख्खी भाकरी खाल्ली. बायकोनं ताट उचललं, आत नेलं, आणि बराच वेळ ती बाहेर आली नाही.

आणि मग पिल्लाला शी झाली. पिवळी, मऊ, वाटलेल्या मोहरीसारखी.

आबांनी टॉवेलचा कोपरा उजेडात धरला. चेहरा असा झाला, की मला वाटलं अख्खा कळप लंगडा झाला.

"हगवण," ते म्हणाले.

बायको म्हणाली, तान्ह्या बाळाचीही अशीच असते की आबा. आबा म्हणाले, माणसाचं सोड, माणसाला कुठं लेंडी असते. आमच्या घराण्यात लेंडीच्या पुढं कुणाचं चाललेलं नाही. डबा निघाला, सहाण निघाली. दूध तुटलं आणि सालीचं पाणी सुरू झालं. पिल्लू तोंड वाकडं करायचं, तर आबा म्हणायचे, कडू लागतंय म्हणजे गुण येणार. शपथेवर सांगतो, मीही मान डोलवत होतो. ज्या माणसानं एवढी कोकरं हातावर वाढवली, त्याच्यापुढं हे मूठभर मांजर ते काय?

शी थांबली. आबांनी पुन्हा दूध सुरू केलं. पोट गोल झालं, मग टम्म झालं. आबा तिला तळहातावर घेऊन जिन्यापर्यंत आले आणि खालच्या घरमालकीणबाईंना हाक मारून दाखवलं. त्या विणकरांच्या घरातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या, मराठीत फक्त भाडं मागायच्या आणि टोमणे मारायच्या. म्हणाल्या, आजोबा, मांजर पाळलं की बेडूक? आबा हसले. आबा हसले, हे मी अर्धं करणार नाही. मला म्हणाले, "पोट बघ. कोकराला आसं पोट आलं की समजायचं, जगलं."

आता फक्त लेंडी व्हायची राहिली होती.

त्या लेंडीची वाट जेवढी बघितली, तेवढी आमच्या घरात कुठल्या पाहुण्याची बघितली नसेल. मी कारखान्यात असलो तरी जीव त्या शेपटीखाली. सगळ्या खात्याला मी ही गोष्ट रंगवून सांगितली होती. मागांच्या आवाजात बोलता येत नाही म्हणून आमच्याकडं खुणा चालतात. तर लांबच्या मागावरचा गडी मला बघून अंगठा आणि बोट जोडून गोल करायचा आणि भुवया उडवायचा, म्हणजे, झाली का? मी मान हलवायचो, नाही. मग दुसरा करायचा. पाळीभर नुसती ती गोल बोटं. सगळे हसायचे, मीही हसायचो. घरी आलो की हसू जिन्यातच राहायचं. दारात उभं राहून मी आबांकडं बघायचो आणि आबा माझ्याकडं न बघता म्हणायचे, "हुईल."

पिल्लानं वात तोंडात घेणं सोडलं. कुंथायला लागलं. तोंड उघडायचं, पण आवाज यायचा नाही. मागचे पाय गार. पोट मात्र तसंच, टम्म आणि कडक, सुपारीसारखं. आबा म्हणत होते उद्या होईल, पण त्यांचा हात पोटावरून निघत नव्हता. बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, की तुमचे आबा काय म्हणतील ते म्हणोत, दवाखान्यात न्या.

नेलं. डॉक्टरीण तरुण होती, दवाखान्यात कुत्र्यांची गर्दी. तिनं पिल्लू तपासलं, पोट चाचपलं आणि काय काय दिलं ते विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट जशी घडली तशी सांगितली. तिनं मधेच हात धुवायला घेतले आणि पाठमोरीच म्हणाली, की दुधावरच्या पिल्लाची शी मऊ आणि पिवळीच असते. पातळ पाण्यासारखी झाली, पांढरी झाली, रक्त दिसलं, तर घाबरायचं. "हिला जुलाब नव्हतेच," ती म्हणाली. "चांगली होती ती."

बारीक नळीनं तिनं कोमट पाणी घातलं. खूप वेळानं थोडं कडक, थोडं मऊ असं काही बाहेर आलं. आजवर सोनं बघून मला जेवढा आनंद झाला नसेल तेवढा ते बघून झाला, आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून तेवढाच उतरला. पिल्लाचं पाणी कमी झालंय, पुढचं सांगता येत नाही, असं ती म्हणाली. पिल्लांसाठी वेगळी दुधाची पावडर मिळते ती दिली, ऊब द्या, थोडं थोडं पाजा, पुसत राहा. साल बंद.

घरी आलो. आबा दारातच होते. काय म्हणाली, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हवा लागली होती म्हणाली. आणि म्हणाली, असं जपलेलं पिल्लू अख्ख्या जिल्ह्यात बघितलं नाही.

"अर्धा कर," आबा म्हणाले. पण खूश झाले. खरं काय ते मी आत जाऊन बायकोला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्लानं जरा दूध घेतलं. बायकोनं टॉवेलच्या कोपऱ्यानं पुसलं आणि तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला. पिवळी, मऊ शी. थोडीशीच, पण झाली होती. आम्ही दोघं एकमेकांकडं बघून लग्नात हसलो नव्हतो तसे हसलो. आबांनीही वाकून बघितलं. मग ते भिंतीला धरून उठले, कोनाड्यापाशी गेले आणि डबा काढला.

मी तोंड उघडलं. थाप शोधत होतो, आणि नेमकी तेव्हा एकही सापडेना. बायको मधे जाऊन उभी राहिली. आबांसमोर एरवी ती डोक्यावरचा पदर सावरूनच बोलते. त्या दिवशी पदराची आठवण तिला राहिली नाही.

"आबा, नगा. तिला हगवण नव्हतीच. सालीनंच कोंडलं, आसं डाक्टरीण म्हणली."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं, म्हणजे त्यांना उत्तर मिळालं.

"कोकराला तर..." ते म्हणाले.

"ती कोकरू न्हाय, आबा."

ते डबा मांडीवर घेऊन खाली बसले. झाकण अर्धं उघडं होतं, ते त्यांनी नीट लावलं. पिल्लू टॉवेलात निजलं होतं, त्याच्या पाठीवर त्यांनी एक बोट ठेवलं, नुसतं ठेवलं. मग त्यांनी मला विचारलं, "जगंल का रं?"

"जगंल की," मी म्हणालो. "वाघीण हुईल."

"वाघीण नगं," आबा म्हणाले. "जगली तरी बास."

संध्याकाळपर्यंत तिनं पुन्हा दूध सोडलं होतं. रात्र कशी काढली ते सांगत नाही. उजाडल्यावर मी तिला तशीच टॉवेलसकट शर्टात घातली आणि निघालो. आबा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. गाडी चालवताना माझा डावा हात शर्टावरच होता. हातातलं ते धुगधुगणं कधी माझ्या छातीचं आणि कधी तिचं, हे कळत नव्हतं; दवाखान्याच्या दारात गाडी बंद केली तेव्हा कळलं, की बराच वेळ ते फक्त माझंच होतं.

डॉक्टरीण म्हणाली, पिल्लू मुळात अशक्त असेल, म्हणूनही आईनं ठेवून दिलं असेल. सालीमुळंच गेलं असं काही म्हणता येणार नाही. भली बाई. तिचं हे वाक्य मी घट्ट धरून बाहेर आलो. पण घरी जाऊन ते आबांना सांगितलं असतं, तर आबांनी ते अर्धं केलं असतं, आणि राहिलेलं अर्धं त्यांना पुरेसं होतं.

मी घराकडं गाडी वळवलीच नाही. कारखान्यात गेलो. मागच्या भिंतीशी, जिथं कुणी फिरकत नाही, तिथं खड्डा केला आणि काठ चुकलेल्या टॉवेलात गुंडाळून तिला ठेवली. आत आलो तर लांबच्या मागावरच्या गड्यानं नेहमीसारखी गोल बोटं केली. मी हात हलवला. त्याचा अर्थ त्याला काय लागला माहीत नाही, पण त्यानं बोटं सोडली आणि मागाकडं वळला.

मग मी माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी थाप जुळवायला बसलो. मागांच्या त्या आवाजात, पाळीभर. कुठं जोड दिसणार नाही अशी विणली.

घरी गेलो आणि सांगितलं: दवाखान्यात जाता जाता वाटलं, एकदा कारखान्यात डोकवावं. तर काय, तिची आई त्याच पोत्यावर बसलेली. मला बघून गुरगुरली. मी पिल्लू खाली ठेवलं, लांब झालो. तिनं आधी हुंगलं, मग चाटलं, कानापासून शेपटीपर्यंत. पिल्लू लुचायला लागलं, आबा, आवाज करून लुचायला लागलं. मग मांजरीनं मानेला धरलं, भिंतीवर उडी मारली आणि गेली. उडी मारताना मांजर कसा तोल सावरतं ते मी करूनही दाखवलं. मधे एकदा हसलोसुद्धा. असं काम उभ्या सोलापुरात कुणाला जमलं नसतं.

आबा ऐकत होते. काठीवर हनुवटी. मी थांबलो आणि वाट बघितली.

"आन टॉवेल?" त्यांनी विचारलं.

चुलीपाशी बायकोचा हात थांबला. सगळं विणलं होतं, फक्त तेवढा काठ राहिला होता.

"त्यो बी नेला तिनं," मी म्हणालो.

आबा माझ्याकडं बघत राहिले. अर्धा कर, म्हणतील. म्हणावं त्यांनी, मी अर्धं करीन, पुन्हा अर्धं करीन, करत करत शेवटी त्या मागच्या भिंतीपाशी येऊन थांबीन, जे खरंच आहे तिथं.

"व्हय," आबा म्हणाले. "शानी हाय मांजर."

सकाळी घंटागाडी आली तेव्हा खोलीत आबा नव्हते. गुडघ्यांमुळं जो जिना ते सणावारालाही उतरत नव्हते, तो उतरून खाली गेले होते. गॅलरीतून दिसलं: गाडीपाशी उभं राहून त्यांनी पत्र्याचा डबा पालथा केला, आणि बुडाशी राहिलेलं पडावं म्हणून बोटांनी दोनदा वाजवला. एकेक पायरी बसत वर आले. डबा बायकोच्या पुढं ठेवला आणि म्हणाले, धुऊन लसूण ठेव ह्यात.

आता ते पुन्हा गॅलरीत बसतात. भाकरी चतकोरावर आली आहे. मी अजूनही रोज काहीतरी जुळवून आणतो. पिल्लू भिंतीवर दिसलं. आज त्यानं उंदीर धरला. आज मालकाच्या टेबलावर चढून बसलं. परवा तर कळस केला. म्हणालो, आबा, तुमची भाटी आता एवढी झाली, कुत्री तिला बघून रस्ता बदलतात. दोन्ही हात पसरून दाखवलं, लांडग्याएवढं, आणि हात तसेच धरून उभा राहिलो.

आबांनी माझ्या हातांकडं बघितलं. मग खाली रस्त्याकडं.

"आसंल," ते म्हणाले.